ओळीत बसलेली याडी

राळेगाव
१८ फेब्रुवारी २०२५

चि. रुपीबाईस,
आशीर्वाद आहेतच, पण आज ते लिहायला हात तयार नाही. फोनवर बोललो असतो तर तोंडून भलतंच निघालं असतं, म्हणून पत्र.

काल शाळेतून परतताना बसस्टँडवर आपल्या तांड्यातल्या पूनमसिंगने मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यात आपली आई, आपली याडी. जमिनीवर, ओळीत, पुढ्यात खिचडीची ताटली. खाली लिहिलं होतं, 'अंध, निराधार विधवा'. चार माणसं पाहत होती. पूनमसिंगने हसून विचारलं, की गुरुजी, घरात दाणे संपले काय.

मी तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तुझ्याकडे यवतमाळला पाठवली. काळा चष्मा डॉक्टरांनी दिला, त्या ख्रिस्ती मिशनवाल्यांनी तिला आंधळी करून टाकली. आणि तू त्यांच्याच चुलीवर स्वयंपाक करतेस. गरिबाला जेवू घालून धर्मात ओढायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्यांच्याविरुद्ध पोलिसांत अर्ज देणार आहे. तोवर तुझा फोन घेणार नाही.

याडीला जप. एवढं तरी कर.
देवीलाल

यवतमाळ
२१ फेब्रुवारी

ती. दादास,
पाया पडते. मीही रागातच आहे, म्हणून खुशाली शेवटी लिहीन.

फोटो पाहून मले तुझ्या आधी राग आला. तू घरी बसून चिडला, मी मिशनच्या पास्टरच्या दारात जाऊन भांडून आली.

याडी त्या ओळीत काहून बसली, ते ऐक. आमच्या वस्तीत कांताबाई म्हणून आहे. साठीची, एकटी. वीस वर्षं बंगल्यांमध्ये धुणीभांडी केली. दिवाळीनंतर पडली, हात मोडला, कामं सुटली. मी रोज दुपारी मिशनच्या शेडात चुलीवर खिचडीचा मोठा गंज चढवते, शंभरेक माणसं जेवतात. कांताबाई दारापर्यंत यायची अन् परत जायची. फुकटचं खात नाही म्हणायची. मी दोनदा डबा नेला, तिनं तसाच परत केला. याडीनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती कांताबाईकडे गेली अन् म्हणाली, की बाई, मले दिसत नाही, माझा हात धरून जेवायला ने. तिले अशी घेऊन आली, शेजारी बसवली, अन् दोघी जेवल्या. आठ दिवस हेच चाललं. तुझ्या आईच्या पोटात भूक नव्हती दादा. दुसरीले जेवता यावं म्हणून ती बसली होती.

मग मिशनचे फोटोवाले आले. कांताबाईनं पदर ओढला, तरी फोटोत तोंड दिसलंच. केळापूरला तिची लेक शीला दिली आहे. तिले हिनं सांगून ठेवलं होतं, की माझं काम चालू आहे. तिच्या सासरच्यांनी फोटो पाहिला. सासू आता शीलाले रोज टोचून राह्यली. तेव्हापासून कांताबाई दार लावून बसली आहे.

मी पास्टरले म्हटलं, तो फोटो मोबाईलवरून काढून टाका, नाहीतर उद्यापासून गंज तुम्हीच चढवा. ते म्हणाले, की देणारे दूर बसले आहेत, पाहिल्याशिवाय पाठवत नाहीत. मी म्हटलं, मग रिकामा गंज दाखवा, म्हाताऱ्या बाईचं तोंड कायले दाखवता. संध्याकाळी त्यांनी फोटो काढून टाकला. माफी मागायला कांताबाईकडेही गेले, तिनं दार उघडलं नाही.

अन् धर्माचं म्हणशील, तर जेवणाआधी ते दोन मिनिटं प्रार्थना म्हणतात. ज्याले हात जोडायचे तो जोडते, बाकीचे ताटली वाजवत बसतात. मी आजही घरी सेवालाल महाराजांचा भोग लावूनच कामाला निघते.

तुले वाटते तुझं नाव गेलं. कांताबाईचं जेवण गेलं. अर्ज देऊ नको.

याडीचा डोळा बरा आहे. राग जेवढा ठेवायचा तेवढा माझ्यावर ठेव, शेडावर नको.
तुझी रुपी

यवतमाळ
६ मार्च

चि. देवीलालास,
आजी आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत सांगते आहे, मी निकिता मराठीत लिहिते आहे. मामा, शब्द तिचेच आहेत.

तू फोन उचलत नाही, म्हणून नातीले कागद घ्यायला लावला. तुझा अर्ज पोचला. चौकशी येणार म्हणून मिशनले शेड भाड्यानं देणारा मालक घाबरला, त्यानं कुलूप लावलं. सोमवारी दुपारी माणसं बाहेर उभी होती. नेमसिंग म्हणून पायानं अधू म्हातारा आहे, तो कुलूप हलवून पाहत होता. त्याले कोणी सांगितलंच नव्हतं.

अर्जात तू लिहिलं, की माझ्या आईवर जबरदस्ती झाली. मले विचारलं होतं काय? तुले शिकवून गुरुजी केलं, अन् माझ्या नावानं कागद लिहिताना तू माझ्याशी बोलला नाही. फोटोवाल्यांनीही विचारलं नव्हतं. तुम्ही दोघं मले सारखेच.

मी कांताबाईच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. तू जेवशील तेव्हाच जेवीन म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दार उघडलं. रुपीनं अंगणातच गंज चढवला, ती आता तिथं जेवते. पास्टर डाळ-तांदूळ आणतात, पाणीही भरतात. पण अंगणात तीसच माणसांचं होते. बाकीची परत जातात. तू डोळ्याचं ऑपरेशन करवलं, म्हणून मले आता त्यांची तोंडं चांगली दिसतात.

अर्ज परत घेतल्याशिवाय मले न्यायला येऊ नको.
तुझी याडी, लालीबाई

राळेगाव
१५ मार्च

ती. याडीस,
डोकं पायावर ठेवतो.

अर्ज परत घेतला. लेखी. ज्यांनी तो लिहायला मदत केली होती, ते माझ्यावर हसले. हसू दे. पास्टरांवरचा माझा राग गेलेला नाही, ते भेटतील तेव्हा त्यांना तोंडावर सांगेन. स्वतःवरचा कुणाला सांगू, ते कळत नाही.

काल केळापूरला शीलाच्या सासरी गेलो होतो. फोटोत शेजारी बसलेली माझी आई आहे, असं मी तिच्या सासूला सांगितलं. शाळेतला मास्तर आहे हेही सांगितलं. सासू पाणी आणायला उठली. शीला मला दारापर्यंत सोडायला आली. तिला लाज वाटलीच नव्हती. आई उपाशी होती आणि आपल्याला खोटं सांगत राहिली, एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

पुढच्या शनिवारी मी येतो. तुला न्यायला नाही. शेडाच्या मालकाकडे जाऊन बसायचं आहे, कुलूप निघेपर्यंत. रुपीला सांग, मी आधी तिच्या दारी येईन, तिला काय बोलायचं ते बोलू दे.

शीलाही माझ्यासोबत येणार आहे. कांताबाईंना आधी कळू देऊ नका, त्या दार लावून घेतील. दोघींना शेजारी बसवून आधी वाढा. बोलणं जेवण झाल्यावर.

माया आहे तशी राहू दे.
तुझा देवीलाल