दोघेही नरच निघाले

दादा,

तुझ्या 'नवरीला' घेऊन डॉक्टरांकडे चाललेय, शाळा गेली उडत. ती नवरी नाहीच, नर आहे. आज दोन्ही कासवं उचलून खालून नीट बघितली. दोघांचं पोट आत खोलगट आहे, शेपटी लांब आणि जाड. मादीचं पोट सपाट असतं, शेपटी आखूड. मोठा अंगावर चढला की तू टाळ्या पिटायचास, "आता अंडी येणार" म्हणून. तो नुसती दांडगाई करत होता. धाकट्याच्या पायाला चावून रक्त काढलंय त्याने. वेगळं ठेवूया म्हणून महिनाभर घसा कोरडा केला, तर तुझं आपलं, "तुला काय कळतंय."

त्यांच्या पेटीत मधे फळी घाल. आणि आईला तूच सांग. मी सांगितलं तर ती आधी तुलाच विचारेल, खरं का म्हणून.