चार ओळींचा होकार

२ मार्च, सकाळ
निवडून आलो. आता अधिकृत. विरोधक म्हणतात, म्हाताऱ्याला सहानुभूतीची मतं पडली. साफ खोटं. अर्धा मतदारसंघ माझा विद्यार्थी आहे. मी ज्यांना पास केलं, त्यांनी मला पास केलं. नापास केलेले बहुधा त्या दिवशी गावाला गेले असावेत.

आमच्या पक्षाच्या नेत्याला राष्ट्राध्यक्षांनी बोलावून सांगितलंय, मंत्रिमंडळ बनवा आणि सभागृहाची मंजुरी आणा. नेता म्हणजे आमचा पेंगुळ्या! सातवी ब, शेवटचा बाक. कवितेच्या तासाला हमखास डोळे मिटायचा. एकदा विचारलं, कवीला पहाट का आवडते? उभा राहिला आणि म्हणाला, उजेड. बस्स. पुढे काही नाही. मी त्याला तासभर बाकावर उभा केला आणि बजावलं, एका शब्दात उत्तर देणारा माणूस आयुष्यात कुठे पोचत नाही. त्या वाक्यानेच तो घडला. हे ऋण तो विसरणं शक्य नाही.

शिक्षणखातं मलाच.

संकल्प: फोन चार्ज करून उशाशी ठेवणे. फार हुरळून न जाणे.

५ मार्च
शपथविधीसाठी काळा कोट शिवायला टाकला. कोपऱ्यावरचा शिंपी माझाच विद्यार्थी. म्हणाला, सर, खिसे मोठे ठेवू का, मंत्री लोक मोठेच मागतात. म्हटलं, आत एकच ठेव, कवितेचा कागद मावेल एवढा. तो म्हणाला, मग सर तुम्ही नक्की मंत्रीच होताय ना?

ही म्हणाली, आधी फोन येऊ दे, मग कोट शिवा. हिला मुहूर्ताआधी दिवा लावणाऱ्या माणसाचं मन कळत नाही.

दुपारी फोन वाजला! हिची बहीण. पाऊण तास. देशाचं शिक्षण पाऊण तास एंगेज.

८ मार्च, संध्याकाळ
फोन आला. प्रतोदबाईंचा. पक्षाची मतं मोजून-मापून, हाकून सभागृहात आणणं हे यांचं काम. या माझ्या विद्यार्थिनी नव्हेत, आणि ते जाणवतं. म्हणाल्या, आपल्याला एकट्याला बहुमत नाही, तीन पक्षांची मोट आहे, शिक्षणखातं मित्रपक्ष घेऊन गेला. मी विचारलं, मग माझं? त्या म्हणाल्या, तुमचं काय?

याचा अर्थ उघड आहे. सांस्कृतिक खातं. खरं तर शिक्षणात फायलीच फार. संस्कृतीत कसं, वारा वाहतो.

शेजाऱ्यांना सांगून टाकलं, शिक्षण मीच नाकारलं.

११ मार्च
सांस्कृतिक खातं तिसऱ्या पक्षाच्या एका हॉटेलवाल्याला. असो. तो बिचारा धंद्यातला माणूस, चार दिवस सुखाचे जातील त्याचे.

मला त्याहून मोठं काम दिलंय. प्रत्येक होऊ घातलेल्या मंत्र्याला सभागृहाची एक कमिटी समोर बसवून प्रश्न विचारते. त्या कमिटीवर मी! ही म्हणाली, म्हणजे मंत्री तो आणि तुम्ही त्याची तोंडी परीक्षा घेणार? बरं झालं, सवय आहे. टोमणा होता. मी प्रशंसा म्हणून घेतला.

कोट तयार. बाह्या जरा लांब. मंत्र्याच्या हातवाऱ्यांसाठी बऱ्या.

१४ मार्च
कमिटी. खोली थंडगार, माइकचा दिवा लालबुंद. हॉटेलवाला घामाघूम. प्रतोदबाईंनी आधीच बजावलं होतं, सर, तो आपल्या बाजूचा आहे, सोपं विचारा, दोन मिनिटांत आटपा.

मी सोपंच विचारलं. शाळेतली आवडती कविता म्हणा. तो म्हणाला, सगळ्याच आवडायच्या. म्हटलं, एक म्हणा. त्याने पहिली ओळ एका कवितेची घेतली, दुसरी दुसरीची, आणि तिसरी बहुधा कुठल्याशा बनियनच्या जाहिरातीतली. मला राहवलं नाही. मी स्वतः उठून मूळ कविता म्हणून दाखवली. पूर्ण. मग तिच्या शेजारच्या पानावरची. अहाहा, काय दिवस होते ते! ओल्या फडक्याने पुसलेला फळा, आणि पन्नास पोरं एका सुरात!

डोळे उघडले तर विरोधी सदस्य टाळ्या वाजवत होते आणि हॉटेलवाला रडत होता. कवितेचा परिणाम. प्रतोदबाई म्हणतात, अपमानाचा. तो कसाबसा मंजूर झाला.

पेंगुळ्याने हे ऐकलंच असेल. एखादं नवं खातं काढेल तो. काव्यखातं?

१७ मार्च
उद्या मतदान. मंत्रिमंडळ सगळंच्या सगळं एकदम मंजूर किंवा एकदम नामंजूर. आपल्याकडे एकच मत जास्त. म्हणजे आपला प्रत्येक जण हेच ते एक मत. म्हणजे मी!

प्रतोदबाई घरी येऊन गेल्या. पद्धत अशी की, नाव पुकारलं की उभं राहायचं आणि एकच शब्द बोलायचा, होय किंवा नाही. वर एक शब्द जरी गेला तरी मत बाद. जुना नियम आहे. पूर्वी सदस्य मत देता देता भाषण करायचे म्हणून केलेला. त्यांनी माझ्याकडे बघून तीन वेळा सांगितलं, सर, एकच शब्द. ही आतून म्हणाली, बाई, तुम्ही दुसरं मत शोधा.

संकल्प: एकच शब्द.

रात्री जेवताना सहज चार ओळी सुचल्या. वृत्त भुजंगप्रयात. काना-मात्रेची चूक नाही. फक्त खिशात ठेवणार. म्हणणार नाही. खिसा शिवलाय तर त्यात काही असावं, एवढंच.

१८ मार्च
उभा राहिलो. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. पेंगुळ्या पहिल्या बाकावर, चक्क जागा! इतक्या वर्षांनी माझ्या तासाला जागा! कोणत्या मास्तराला आवरलं असतं?

उभा मी इथे आज साक्षी सभेचा
जुना छात्र झाला धनी या घराचा
दिवा घेउनी मी पुढे वाट नेतो
मनापासुनी होय हा शब्द देतो

'होय' आहे. चौथ्या ओळीत ठसठशीत आहे. पण अध्यक्षांनी दुसऱ्याच ओळीला हातोडा आपटून पुढचं नाव पुकारलं होतं.

मत बाद. समसमान. समसमान म्हणजे नामंजूर. मंत्रिमंडळ पडलं.

१९ मार्च
विचारान्ती मत असं की दोष नियमाचा आहे. ज्या सभागृहात वृत्ताला जागा नाही, तिथे मंत्रिमंडळ कसं टिकणार?

हॉटेलवाल्याचा फोन आला. तो हसत होता. बराच वेळ.

शिंपी दुकानाच्या दारात उभा होता. मला पाहून आत गेला.

हिने कोट घडी करून कपाटात सगळ्यात खाली ठेवला. हे जास्त वाईट.

२१ मार्च, दुपार
कायद्याने आणखी एक संधी आहे. तेव्हाही पडलं तर पुन्हा निवडणूक, आणि या वेळी पास केलेलेही गावाला जातील.

पेंगुळ्या स्वतः घरी येतोय! एकटा! लिस्ट नव्याने करायची असणार. कोट घातला.

२१ मार्च, संध्याकाळ
आला. खाली वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, बोल बाळ, कोणतं खातं? तो म्हणाला, सर, उभे राहा. राहिलो. म्हणाला, मी तुमचं नाव पुकारतो, तुम्ही होय म्हणा. म्हटलं, हो हो, त्यात काय एवढं. तो म्हणाला, बाद. पुन्हा.

दुसऱ्यांदा म्हटलं, होय, आणि एक सांगू का. बाद. तिसऱ्यांदा 'होय' बरोबर आलं, पण मी हात वर नेऊन चाल लावली. ही दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. पाय दुखायला लागले. म्हटलं, बाळ, बसू का? तो म्हणाला, आधी पाठ होऊ दे, सर.

तासभर. कोटासकट.

निघताना मी धीर करून विचारलं, तुला आठवतं का रे, मी तुला बाकावर उभं केलं होतं?

म्हणाला, होय.

आणि गेला.

२४ मार्च
नाव पुकारलं. प्रतोदबाई शेजारीच बसल्या होत्या, माझ्या कोटाची बाही घट्ट धरून. लांब होती, सोयीचं झालं. खिशात कागद नाही. हिने सकाळीच काढून घेतला.

होय.

एका मताने मंजूर. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. मी अजून उभाच होतो. काही विचारतील, अर्थ विचारतील, असं वाटलं. प्रतोदबाई म्हणाल्या, सर, बसा आता.

२५ मार्च
शपथविधीला गेलो होतो. कोट घालून. जागा खांबामागे. पेंगुळ्याची पाठ दिसली आणि हॉटेलवाल्याचा अर्धा चेहरा. शपथ मात्र स्वच्छ ऐकू आली. गद्यच होती.

फोन चार्जिंगवरून काढला.

घरी आलो तर हिने विचारलं, चहा टाकू?

म्हटलं, होय.

ती म्हणाली, बघा, इतकं सोपं होतं.

यावर मला बरंच बोलायचं होतं. सुरुवातही केली. पण ती आत गेली होती.