सही माझी कायम आहे

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझा फोन सायबर पोलिसांकडे जमा आहे, म्हणून हे पत्र. दुसऱ्या कुणाकडून उलटसुलट ऐकण्याआधी माझ्याकडूनच ऐक. कुणीतरी माझ्या नावानं खोटं खातं उघडलं. माझ्या फोटोंतला चेहरा तेवढा माझा ठेवला, खाली नको ते जोडलं. सोबत धमकी, की मुख्य प्रशिक्षकाचं पद सोड, नाहीतर पोहायला येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या घरी हे जाईल.

मी सोडलं नाही. दुसऱ्याच दिवशी पालकांना तलावाच्या पायऱ्यांवर बसवून सगळं स्वतःच सांगितलं. आवाज शिट्टीसारखा निघाला. तिघांनी आपल्या मुलींची नावं काढून घेतली. बाकीच्या मुली अर्ध्या तासात पाण्यात होत्या.

काळजी करू नको म्हटलं तरी तू थोडीच ऐकणार आहेस! निदान जेवून कर.

तुझी,
बदक

९ फेब्रुवारी

चि. बदकास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताना कात्री भलतीकडेच गेली, गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची बाही आखूड झाली. अगं, सभा कसली भरवतेस? राजीनामा दे आणि इकडे ये. तुझे भावोजी म्हणतात, चार महिन्यांत लोक विसरतात.

एक सांगते. मी टेलिफोन कचेरी लग्नासाठी सोडली, असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. तसं नाही. माझ्याबद्दल साहेबांकडे घाणेरडी निनावी पत्रं यायची. मी गुपचूप राजीनामा दिला आणि पत्रं थांबली. म्हणून म्हणते, ऐक माझं.

जिवाला जप.
ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

माणूस सापडला. आमचे सहायक प्रशिक्षक! सहा वर्षं आम्ही एका बाकावर डबा खाल्ला. मला वाटत होतं, अंधाऱ्या खोलीत बसलेला कुणी संगणकातला महापंडित असेल. खातं निघालं त्यांच्या घरच्या इंटरनेटवरून उघडलेलं. तपास करणाऱ्या बाई म्हणाल्या की अशा प्रकरणांत पुष्कळदा ओळखीचाच निघतो. हातात फोन आणि मनात आकस, एवढं त्याला पुरतं. यांना माझं पद हवं होतं.

पोलिसांसमोर ते मला म्हणाले की मी तुम्हाला बोटही लावलेलं नाही. मी म्हटलं, तेवढं समोर यायची हिंमत होती कुठे तुमच्यात?

आता व्यवस्थापक मागे लागलेत की तक्रार मागे घ्या, तलावाची बदनामी होते. सहायकांची बायको येऊन रडून गेली. मीही रडले. तरी सही माझी कायम आहे.

ताई, तुझी पत्रं थांबली खरी, पण लिहिणारा तिथेच बसून राहिला ना? उठावं लागलं ते तुला.

रागावलीस तरी उत्तर धाड.
बदक

५ मार्च

चि. बदकास,
आशीर्वाद.

बसून राहिला नाही, त्याला बढती मिळाली; अक्षरावरून मी त्याला तेव्हाच ओळखलं होतं. इतकी वर्षं हे पोटात ठेवलं होतं, काल यांना सांगितलं. हे म्हणाले की बदकाच्या कोर्टाच्या तारखेला आपण दोघंही जाऊ.

आज दुकानात शेजारीण हळूच कुजबुजली, की बहिणीबद्दल ऐकलं ते खरं का. मी शिवणयंत्र थांबवलं. पलीकडच्या दुकानात ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की फोटो खोटे आहेत, तक्रार खरी आहे, आणि लाज ज्यानं ते केले त्याला वाटू दे. मग माझ्याकडे शिवायला येणाऱ्या एकीनं, नेहमी मान खाली घालून बसणारीनं, मला विचारलं की अशी तक्रार नोंदवायची कुठे.

तिला घेऊन उद्या सकाळी जातेय. माया आहेच, सल्ले यापुढे कमी देईन.

ताई