पैलवानाची पिल्लं

१२ एप्रिल

ती. सौ. ताईस,
काडीचा सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडतो, म्हणून यापुढे जे काय सांगायचं ते कागदावर सांग, असं तू बजावलंस. घे कागद. यावर ओरडलो तर फार फार तर पेन मोडेल.

नोकरी लागली. डुकरांच्या पैदाशीच्या फार्मवर. हसू नकोस, प्राणिशास्त्राची दोन वर्षं इथे कामी आली. तिसरं का राहिलं ते तुला ठाऊक आहे, आणि त्या शहाण्याचं नाक आता सरळ झालंय असं ऐकतो.

इथला राजा म्हणजे पैलवान. नर. मागून बघितला तर मांड्यांचे दोन फरे म्हणजे ठासून भरलेल्या दोन गोण्या, पाठीवर चरबी नावाला. मालक माणसांशी बोलत नाहीत तेवढं त्याच्याशी बोलतात. परवा शेजारच्या कप्प्यातला नर फळी तोडून आत घुसला. पैलवानानं सुळ्यानं त्याचा खांदा असा उसवला, की आतलं पांढरं हाड दिसलं. भिंतीवर माझ्या छातीएवढं रक्त उडालं. मी पत्र्याच्या दारावर लाथा घालघालून दोघांना वेगळं केलं. मालकाचा भाचा काठी मांडीवर घेऊन कुंपणावर बसला होता, तमाशा बघत.

आणि एक जण आहे. मालकांच्याच कत्तलखान्यात मांस तपासते. जनावर टांगलं, रक्त निथळलं, की फऱ्यात आंबटपणा मोजायच्या मीटरची सुई खुपसते आणि आकडा पुटपुटते. रबरी एप्रन, कोपरापर्यंत लाल हात. तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या हातातली बादली कलंडली, आणि ती आतड्यांची होती. बादली उचलायलाही कॉलेज लागतं का, एवढंच तिनं विचारलं. ताई, मी कामातून गेलो.

भावोजींना नमस्कार. मी फोडलेल्या कपाटाला नवी काच बसवली का, असं विचारलं तर चिडतील?

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवायचा विचार असला तर माझी हरकत नाही.

तुझा,
काडी

२५ एप्रिल

चि. काडीस अनेक आशीर्वाद.

आधी बातमी. तू मामा होणार. सप्टेंबरात. नाचून झालं की पुढचं वाच.

काच बसवली नाही. यांनी पुठ्ठा लावलाय आणि तो तसाच राहू दे म्हणतात, म्हणजे तू आलास की आपलं आपल्याला दिसेल. बाळ आल्यावर तुला घरात घ्यायचं की नाही, हे तुझी पत्रं बघून ठरवू, असंही म्हणाले. मी भांडले नाही. माझंही तेच मत आहे.

दारावर लाथा घातल्याचं तू हौसेनं लिहिलंस, तेवढं मी त्यांना वाचून दाखवलं नाही. तू लहान होतास, तुला कितपत आठवतं माहीत नाही. बाबा आले की दारावर थाप पडायची. पहिल्या थापेला आई गॅस बंद करायची. दुसरीला मी तुला पलंगाखाली ढकलायची. तिसरी थाप दारावर पडायची नाही.

कोपरापर्यंत रक्ताचे हात असलेली मुलगीच तुला आवडावी, यात मला काही नवल नाही वाटलं. पण ती तुझ्यापेक्षा शहाणी दिसते. तिचं ऐकत जा.

इकडची काळजी नको, स्वतःची कर, म्हणजे आमची आपोआप कमी होईल.

तुझी,
ताई

८ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मामा! सगळ्या फार्मवर ओरडून सांगितलं. डुकरांनीसुद्धा माना वर केल्या.

पण इथे रोज मढी पडताहेत. पैलवानाची पिल्लं मोठी होऊन कत्तलखान्याकडे निघाली, की ट्रकमध्ये चढता चढताच कोसळतात. परवा माझ्यासमोर एक मादी गेली. भाच्यानं काठी घातली, ती किंचाळली, शेपटी थरथरली, अंगावर लाल-निळे डाग उठले आणि चारही पाय लाकडासारखे ताठ. हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं. मेल्यावरही वाकेना. जी पोचतात त्यांचं मांस फिकट, लिबलिबीत, खालच्या ट्रेमध्ये पाण्याचं तळं.

भाचा म्हणतो, हा कॉलेजातून हाकललेला आला तेव्हापासून अवदसा लागली. मी म्हणतो, काठीनं मारलं. मांस तपासणारी म्हणाली, दोघेही अर्धवट आहात. मग रक्ताळलेल्या टेबलावर बोटानं रेघा ओढून तिनं मला समजावलं. एका जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली असली तर जनावर जगतं, उलट मांस जरा जास्तच धरतं. पैलवान तसला. दोन्ही बिघडलेल्या असल्या तर फरे आणखी फुगतात, पण भीती, मार, उकाडा यांतलं काहीही झालं की स्नायू आखडतात ते सुटतच नाहीत. आणि मालकांनी जन्मभर केलं काय, तर मांडी चाचपून माद्या निवडल्या. भरलेला फरा दिसला की ठेव. म्हणजे तीच खोट दोन्ही बाजूंनी स्वतःच्या हातानं गोळा केली, आणि वर पैलवानाच्या लेकी गाभण राहायला पैलवानालाच दाखवल्या. जनावरांच्या कानाचे तुकडे प्रयोगशाळेतून तपासून आणल्याशिवाय मालक मानणार नाहीत, म्हणून ती स्वतः तुकडे घेऊन गेली.

ताई, ऐकता ऐकता मला आपलं घर दिसलं. बाबा तसे, मी तसा. कुणी काठी दाखवली की मी उसळतो, त्यात माझा काय दोष? रक्तच तसलं. तिला सांगितलं, तर ती सुई पुसत राहिली.

काल भाचा तिच्याबद्दल एक घाण बोलला. लिहीत नाही. त्याचं मुंडकं गरम पाण्याच्या हौदात दाबावं असं वाटलं, ज्यात डुकरांचे केस काढतात. दाबलं नाही. अजून.

प्रेम ठेवावं, आणि बाळाला माझ्याबद्दल चार शब्द बरे सांगावेत.

तुझा,
काडी

२० जून

चि. काडीस आशीर्वाद, रागावून.

तुझं पत्र वाचून दोन दिवस पोटावर हात ठेवून बसले. रक्तच तसलं म्हणतोस. मग माझंही तेच, आणि जे येणार आहे त्याचंही. आत्तापासून पलंगाखाली जागा करून ठेवू?

एक विचारते. बाबा सतरा जणांच्या हाताखाली राबले. त्यांतला एक साहेब सगळ्यांदेखत त्यांच्या आईवरून बोलायचा. त्या साहेबाला बाबांनी कधी एक चापट मारली? मान खाली घालून घरी यायचे आणि आपल्या दारावर थाप. डुकराला ट्रक कुठला आणि घर कुठलं ते कळत नाही, म्हणून ते कुठेही मरतं. बाबांना बरोबर कळायचं.

त्या भाच्यापासून लांब राहा. मुंडक्याची वाक्यंही गाळूनच मी पत्र यांना वाचून दाखवलं. गाळून आता वाचायला फार उरत नाही रे.

माया आहेच, पण ती दाराची कडी काढत नाही, एवढं ध्यानात ठेव.

ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. हे पत्र भावोजींना पूर्ण वाचून दाखव, गाळू नकोस.

कानांचे तुकडे तपासून आले. ती म्हणाली तसंच निघालं. तरी मालक म्हणाले, दोष काठीचा असेल, माझ्या पैलवानाचा नाही. तेव्हा तिनं पैज लावल्यासारखं सांगितलं, की दुहेरी खोटीची निवडक जनावरं आणि तितकीच निर्दोष जनावरं एकत्र, काठी न लावता, मागे फळी आडवी धरून हळूहळू कत्तलखान्यात आणू. मग दोघांचं मांस मालकांनी स्वतः कापून बघावं. पटलं तर पैलवानाची पैदास बंद, नाही तर ती नोकरी सोडेल. जनावरं आणायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं. भाच्यावर नाही, माझ्यावर.

सगळी जनावरं शांत चालली होती. शेवटच्या अरुंद गल्लीत आलो. ती समोर मीटर घेऊन उभी. भाचा कठड्यावर. तो तिच्याकडे बघून तेच जुनं बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मी फळी टाकली. त्याला पायाला धरून खाली ओढला, डुकरांच्यात. त्याचीच काठी हिसकून त्याच्यावर घातली. खांद्यावर, कानावर, तोंडावर. दात पडले ते मी बघितले आणि तरी घातली. गल्लीत मागे वळायला जागा नाही. डुकरं एकमेकांवर चढली, किंचाळली, लोखंडावर डोकी आपटली. माझ्या पायाशी एक ताठ झालं, मग दुसरं, मग रांगच. मी त्यांच्यावर पाय देऊन मारत होतो.

मग मालक आले. ताई, ते ओरडलेसुद्धा नाहीत, नुसते गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. आणि काठी माझ्या हातातून सुटली. मी मान खाली घातली. ते माझ्या आईवरून बोलले आणि मी जी, जी म्हणत राहिलो. मान खाली घातल्यावर तुझं पत्र आठवलं.

दुहेरी खोट असलेली सगळी जनावरं मेली. निर्दोष वाचली, तरी मालक म्हणाले, मारामारीनं मेली, यात सिद्ध काय झालं. पैलवान आहे तिथेच आहे. ती नोकरी सोडून गेली, ठरल्याप्रमाणे. जाताना मी म्हणालो, तुझ्यासाठीच केलं. ती म्हणाली, "माझ्यासाठी तुला फक्त फळी धरायची होती."

भाचा जगेल. एका कानानं ऐकू येत नाही. त्यानं तक्रार केली, काही दिवस आत होतो. नोकरी अर्थात गेली. आता दुसऱ्या एका फार्मवर जनावरं चढवतो. इथे काठी देतच नाहीत, फळीच देतात. हात सारखा काहीतरी शोधतो.

लोभ मागायला तोंड नाही. असेल तर तुझ्यापाशीच ठेव.

काडी

१९ सप्टेंबर

चि. काडीस आशीर्वाद.

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहोत. नाक तुझ्यावर गेलंय, तेवढंच जावं.

पत्र यांना पूर्ण वाचून दाखवलं. यांनी उठून कपाटावरच्या पुठ्ठ्याची कड दाबून बसवली. मग म्हणाले, यात त्यानं स्वतःला कुठे वाचवलेलं दिसत नाही, येऊ दे एकदा.

ये. पण दाराला बेल आहे, ती वाजव आणि थांब. बाळंतिणीला उठायला वेळ लागतो. थाप मारू नकोस. अजून शेजारच्या दारावर थाप पडली तरी माझा हात गॅसकडे जातो. तुला थांबता येतं का, एवढंच बघायचंय मला.

वाट बघते आहे, भीत भीत.

ताई

२७ सप्टेंबर, तुमच्या दारातून

ती. सौ. ताईस,
सा. न.

चिठ्ठी दाराखालून सरकवतोय, भावोजींच्या चपलांपाशी दिसेल.

तुमची बेल बंद आहे. पुन्हा पुन्हा दाबली, आत वाजत नाही. फोन करणार होतो, पण तुझा नेम मोडायचा नव्हता. आत ती रडते आहे, चांगली खणखणीत, आणि तू तिला काहीतरी गुणगुणतेस तेही ऐकू येतंय. हात एकदा दारापर्यंत गेला होता. खिशात घातलाय.

मी पायरीवर बसलोय. घाई नाही. ती झोपली की बघ.

तुझा,
काडी