बाईंसमोरची जांभई

आई,

आधी वाकून नमस्कार, मग कबुली. दोन महिन्यांपूर्वी आमच्या लाँड्रीत वाफेची नळी फुटली, तेव्हा मी शेजारीच होते. भाजलं नाही, तुझी शपथ! पण तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली तरी छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे. तुला घोर नको म्हणून बोलले नाही. रागावू नकोस.

इथल्या मनाच्या डॉक्टरबाई त्या दिवसाचं काही विचारतच नाहीत. "पाय जमिनीला टेकलेत ना? श्वास सावकाश सोडा," एवढंच. धोका टळला हे डोक्याला कळतं, शरीराला कळायला वेळ लागतो, म्हणतात.

काल त्यांच्यासमोर मला ही भलीमोठी जांभई आली, वर पोटात गुडगुड! मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुझा धाक आठवून तोंडावर हात धरला, माफी मागितली. तर बाई खूश! "अहो, हीच तर खूण. शरीराचा पहारा उठला."

आज परत वाफेच्या इस्त्रीवर उभी राहिले. ती फुसफुसली, मी दचकले, श्वास सोडला आणि चादर फिरवली. मग आणखी चाळीस!

बाबांचा गुडघा कसा आहे? फोन वाजला की तुझ्या छातीत धस्स होतं, असं ताई म्हणाली. म्हणून मुद्दाम पत्र लिहिलं. पाय जमिनीवर टेकवून, निवांत वाच. मध्येच जांभई आली तर खुशाल दे. तोंडावर हात धरू नकोस.

तुझी,
पोट गुडगुडणारी लेक