पटेलाचा राजीनामा

वकीलसाहेब, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून अर्ज लिहिणारी ती मुलगी आता स्वतःच दोन ज्युनिअरांवर खेकसते. आज लिहायला बसले त्याला कारण आहे. दिल्लीत फौजदारी कायद्यात दुरुस्ती करायचं घाटतंय आणि त्यासाठी लोकांच्या सूचना मागवल्या आहेत. मी पाच पानं तयार केली. मागण्या दोनच आहेत: गोळी लागलेल्या माणसाशी तडजोड करायची तर तो कागद कोर्टापुढे त्याच्या भाषेत समजावून सांगावा, आणि तडजोड झाली तरी बंदूक परत देऊ नये. दाखला म्हणून आपल्या भीमपूरकडच्या त्या बाईची हकिगत लिहिली आहे. त्यात एक वाक्य आहे, 'तिच्या वकिलाने तिला चुकीचं सांगितलं.' टाईप होऊन आलेलं पान वाचलं आणि पेन उचललं, कारण जुन्या कोर्टातला कोणीही ते वाचून तुमचंच नाव घेईल.

बाई कापूस वेचत होती. गावचा पोलीस पटेल रानडुकरांमागे परवान्याची बंदूक घेऊन निघाला होता, ज्वारी हलली म्हणून त्याने बार काढला आणि छर्रे तिच्या उजव्या हातात घुसले. गावात गुन्हा घडला की ठाण्याला कळवायचं काम पोलीस पटेलाचं. इथे गुन्हाच त्याचा, तेव्हा कळवलंही त्यानेच. बाईला न कळणाऱ्या तेलुगूत लिहिलेल्या त्या फिर्यादीत ती स्वतःहून बंदुकीपुढे आली होती. तिने त्यावर डावा अंगठा लावला होता, कारण उजव्याला पट्टी होती. तुम्ही ते वाचून चष्मा काढला. मग तिला विचारलंत, तुला काय पाहिजे? ती म्हणाली, "माह्या हाताचं झालं ते झालं, साहेब. पन त्याच्या हाती बंदूक नको. आमच्या लेकीबाळी त्याच वाटेनं जातेत." सगळ्या प्रकरणात तिने एवढंच मागितलं. पुढे बारा तारखांना ती एसटीने आली आणि प्रत्येक वेळी आधी त्या जप्त बंदुकीचंच विचारायची, बंदूक कोर्टातच आहे न.

साक्षीदार एकेक करून फिरले. पटेलाकडून तडजोडीचा निरोप आला तेव्हा तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत, "तिले नीट समजावून सांग. तडजोड झाली तं बंदूक परत जाईन. नाही म्हनली तं आपन लढू." आपल्या कोर्टात निजामाच्या काळापासून तडजोडीच्या कागदाला राजीनामा म्हणतात. घरी, बाजारात, भीमपुरात राजीनामा म्हणजे पद सोडणं. कागदाच्या माथ्यावर तो एकच शब्द ठळक लिहिलेला आणि खाली पटेलाची लांबलचक सही. बाईने अंगठा लावला आणि गावात जाऊन गूळ वाटला, की पटेलाची पटेली गेली, आता बंदूकही जाईल. लोकांनी गूळ खाल्ला आणि हसले. पटेलाने आठ दिवसांत बंदूक सोडवून आणली आणि खांद्यावर टाकून तिच्या शेताच्या धुऱ्यावरून चालत गेला.

ती परत आली ती दुपार मला अजून दिसते. ती दारातच उभी आहे, बस म्हटलं तरी बसत नाही. "साहेब, पटेल तं बंदूक घेऊन हिंडून राह्यला. काऊन? त्यानं राजीनामा देल्ला न?" तुम्ही फाईल काढता, कागद पाहता, मग माझ्याकडे पाहता. फार नाही, क्षणभर. आणि तिला म्हणता, "बाई, चूक माही हाय. कागद माह्या हापिसातून गेला." ती रडली नाही, भांडलीही नाही. "तुमी तं आपले मानूस होते," एवढं म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती शेतात गेली नाही. गुडीहत्नूरला लेकीकडे राहायला गेली आणि तिथेच राहिली. तिचं ते वाक्य तुम्ही मरेपर्यंत अंगावर वागवलंत, आणि मी समोर बसून तुम्हाला वागवू दिलं.

ती गेल्यावर तुम्ही मला बोललात, पण आवाज चढवला नाहीत. "आपन काय बोललो ते सोड. समोरच्यानं काय आयकलं ते विचारत जा." पुढच्या सोमवारी एक वही दिलीत. एका बाजूला कोर्टातला शब्द, दुसऱ्या बाजूला त्याचा घरचा अर्थ, सगळं तुमच्या तिरक्या अक्षरात. पहिल्याच ओळीवर राजीनामा होता. नव्या पोरीला हा शब्द ठाऊक नसणार, असं तुम्ही धरून चालला होतात. मी वही घेतली, थँक्यू म्हणाले. आता माझे ज्युनिअर त्याच वहीवरून शिकतात आणि वकीलसाहेब किती मोठ्या मनाचे होते म्हणतात. ते तसं म्हणाले की मी चहा मागवते.

साहेब, मला तो शब्द ठाऊक होता. अंगठा लावायच्या आधी बाईने मला विचारलं होतं, "ताई, हा पटलाचाच राजीनामा न?" ती काय समजून बसली आहे ते मला त्याच क्षणी कळलं. नाही म्हटलं असतं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "हो, पटलाचाच. लावा अंगठा." नंतर तुम्ही विचारलंत, समजलं न तिला, तेव्हाही हो म्हणाले.

त्या पानावरचं 'तिच्या वकिलाने' मघाशी खोडलं आणि तिथे 'मी' लिहिलं. उद्या ती पानं दिल्लीला जातील, हे पत्र कुठेच जाणार नाही. बाईला हो का म्हणाले, ते तिथे लिहिलेलं नाही, कारण दिल्लीच्या लोकांना ते सांगायची लाज वाटते. त्या अंगठ्याच्या दिवशी सकाळी तलमडुगूची पहिली बस धरून कोर्टात आले होते, दुपारचे दोन वाजून गेले होते आणि मला भूक लागली होती.