जोएंद्रीला घरी पाठवलं

३ मार्च
आज क्लबच्या साहेबांनी जोएंद्रीबद्दल विचारलं. अमेरिकेतल्या खालच्या बेसबॉल संघात एक जागा आहे. म्हणाले, "एलिहिओ, तू त्याचा कोच. ठेवा म्हणालास तर पाठवू, नको म्हणालास तर सोडून देऊ. उद्या सांग."

पोराचे हात काय सांगू! जमिनीवरून सरपटत आलेला चेंडू त्याच्या हातमोज्यात कोंबडीच्या पिल्लासारखा शिरतो. पण बॅट घेतली की संपलं. वेगाचा चेंडू त्याला दिसतच नाही. इतकी वर्षं शिकवून दिसला नाही, आता काय दिसणार?

मीही असाच होतो. अगदी असाच.

४ मार्च
सोडून द्या म्हणून सांगितलं.

५ मार्च
त्याला सांगायचं कामही माझ्याकडेच. हसतच आला खोलीत. "मास्तर, तिकडे थंडी फार असते म्हणे! आईला स्वेटर बघायला सांगू?"

बस म्हटलं. पाणी दिलं. सांगितलं.

पाण्याचा पेला खाली ठेवला. मग एवढंच — "कोणी ठरवलं?"

"मी."

क्लबचे बूट काढले, टेबलाखाली नीट जोडून ठेवले आणि अनवाणी निघून गेला.

९ मार्च
बायको एदिलिया बोलत नाही. काल एकदाच म्हणाली, "पोराच्या तोंडचा घास काढलास."

एदिलियाला कसं सांगू — मला कोणी वेळेवर सोडलं नाही, हेच तर माझं दुखणं! नऊ वर्षं त्या खालच्या संघांत. बसमधून या गावाहून त्या गावाला. दर वसंतात तेच — पुढच्या वर्षी तू वर, मोठ्या संघात! नंतर कळलं, मला ठेवलं होतं ते वर जाणाऱ्या पोरांना सराव मिळावा म्हणून. मी हसतमुख, तक्रार नाही, सोयीचा! वडील गेले तेव्हा मी कुठल्याशा गारठलेल्या मैदानावर चेंडू उचलत होतो. मातीलाही पोचलो नाही. परत आलो तर हाताला दुसरं कामच येईना. म्हणून कोच झालो. इथले, आसुआ गावातले लोक मला नशीबवान म्हणतात.

जोएंद्रीचं असं होऊ नये. बस्स.

१७ मार्च
बाजारात केळी घेत होतो. जोएंद्रीची आई समोर आली, फिओरबाई. सगळ्यांदेखत — "घास कसा उतरतो रे तुझ्या घशाखाली?"

"ताई, त्याच्या भल्यासाठीच..."

"भलं! तुला वर चढता आलं नाही, म्हणून माझ्या लेकाची शिडी काढून घेतलीस!"

केळी तिथंच राहिली.

२२ मार्च
एदिलियानं ईस्टरआधीच्या उपासांत करतात तो दूध-साखरेतला गोड घेवडा रांधला. फिओरकडे वाडगाभर पाठवला. वाडगा तसाच परत आला.

२ एप्रिल
जोएंद्री दिसला! मामाच्या मोटरसायकलवर भाडं घेऊन लोकांना सोडतो. मी हात केला, तो थांबला. मागे बसलो. दारात उतरल्यावर राहवेना.

"राग आहे ना माझा?"

"बॅट चालत नाही हे मला काय माहीत नव्हतं, मास्तर? वर कधीच पोचलो नसतो मी."

"मग?"

"एक उन्हाळा हवा होता. तिथल्या दिव्यांखाली, पाठीवर नाव घातलेला शर्ट, बघायला माणसं. एकच! तुम्ही तर नऊ घेतलेत."

माझ्याकडून भाडं न घेताच गेला.

३ एप्रिल
साहेबांना फोन केला. ती जागा केव्हाच भरली म्हणाले.

४ एप्रिल
कॉफी गाळता गाळता एदिलियानं विचारलं, "ती नऊ वर्षं कोणी परत द्यायला आलं, तर नको म्हणशील?"

कप उचलून अंगणात आलो.

घेईन. तशीच्या तशी — पळत जाऊन घेईन!